शेवटच्या पातीचं पाणी

थोरलीला पातीवरून काढलं ते तिच्याच सुनेनं, आणि तेही सगळ्या बायकांसमोर, भर उन्हात. परक्या कुणी काढलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ती मोकळी झाली असती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं कुणाच्या नावानं?

शेत भुईमुगाचं होतं. अवेळी पाऊस येऊन गेला होता आणि तण असं माजलं होतं, की पीक कुठलं नि गवत कुठलं हे खाली बसून बघावं लागत होतं. टोळीतल्या आठ बायका आठ पाती धरून बसल्या होत्या. पात म्हणजे एकीच्या वाट्याची पट्टी, दोन्ही हात पोचतील एवढी रुंद, या बांधापासून त्या बांधापर्यंत. उकिडवं बसायचं, डाव्या हातात तण धरायचं, उजव्या हातानं मुळाशी खुरपं घालायचं, झटकायचं, मागं टाकायचं आणि पाऊलभर पुढं सरकायचं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना हे बसून करायचं काम वाटतं. वाटू दे बापड्यांना.

थोरलीच्या टोळीचा एक कायदा होता. शेवटची पात बांधाला लागल्याशिवाय घागरीला कुणी हात लावायचा नाही. पुढं गेलेल्या बायका बांधावर पोचायच्या, तहानेनं कासावीस व्हायच्या, आणि मग झक मारत मागं वळून राहिलेलीच्या पातीला हात लावायच्या. सगळ्या मिळून ती पात ओढून आणायच्या आणि मगच पाणी प्यायच्या.

हा कायदा थोरलीनंच केलेला. मुलगा पोटात होता, आठवा महिना लागला होता, तेव्हा ती दुसऱ्या एका बाईच्या टोळीत होती. एके दिवशी ती सगळ्यांच्या मागं राहिली. रांगत रांगत बांधाला पोचली तर घागर पालथी. बाकीच्या पोटभर पिऊन सावलीत लवंडलेल्या. एकजण हसत म्हणाली, "उशिरा येणाऱ्याला उरलंसुरलं." आणि उरलंसुरलंही नव्हतं. त्या दुपारी थोरलीनं ओल्या घागरीला जीभ लावली होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पण पुढं स्वतःची टोळी झाली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं कायदा सांगून टाकला.

रोजंदारी होती तोवर या कायद्याला कुणी नाक मुरडलं नाही. दिवस सरला की काम सरलं, मग घाई कसली? आता रोजंदारी गेली. अख्खं शेत ठरल्या रकमेला उक्तं घ्यायचं, जितकं लवकर उरकेल तितकं दुसरं शेत धरायला मोकळं. टोळीही आता सुनेच्या हातात आली होती. फोन तिच्याकडं, मालकांशी बोलणं तिच्याकडं. आणि जिची पात मागं, ती सगळ्यांच्या डोळ्यांत सलणार हे ठरलेलं.

त्या दिवशी थोरलीची पात मागं होती. थोडीथोडकी नाही, अर्धं शेत मागं. बाकी सगळ्या बांधावर उभ्या. घागर समोर, ओठ कोरडे, आणि एकही बाई मागं वळायला तयार नाही. कायद्याचा एक भाग सगळ्यांना पाठ होता, दुसरा सगळ्या सोयीनं विसरल्या होत्या.

"थोरलीच्या कृपेनं आज आपल्या सगळ्यांना उपास घडतोय," भिंगरी म्हणाली. भिंगरी म्हणजे टोळीतली सगळ्यात चपळ बाई. हात जेवढा चालायचा त्याच्या दुप्पट तोंड. "चांगलं पुण्य लागेल."

बायका हसल्या. तेवढ्यात नवी मटकन खाली बसली. ती पोर नुकतीच टोळीत आली होती, अंगावर पिणारं बाळ घरी सासूकडं ठेवून. तिचे डोळे पांढरे झाले. कुणी तिच्या तोंडावर पदरानं वारा घातला, कुणी थोरलीकडं बोट केलं.

सून पाय आपटत शेतात शिरली आणि थोरलीसमोर येऊन उभी राहिली. तिची सावली थोरलीच्या हातावर पडली.

"आत्याबाई, उठा."

"होतंय की. हातभर तर राहिलंय."

"हातभर? अर्धं शेत राहिलंय! तिकडं त्या नवीला चक्कर आली. तुमच्या कायद्यापायी एखादी मरेल एक दिवस."

"मग एखादीनं मागं वळून हात लावावा. कायदा तोच आहे."

"कुणी लावत नाही हात आता. गेले ते दिवस." सुनेनं एकदा बांधाकडं पाहिलं आणि आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुमच्याच्यानं आता होत नाही. उद्यापासून पातीवर बसू नका. पाणी आणा. तेवढं जमेल."

मग तिनं वळून हाक दिली, "प्या गं पाणी!"

थोरली उठली नाही. "तेवढं जमेल" हे दोन शब्द तिच्या कानात माशीसारखे घोंगावत राहिले आणि ती तण उपटत राहिली. एका जागी तणाबरोबर भुईमुगाचं झाडही उपटून आलं. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. तिनं ते परत मातीत खोचलं आणि पुढं सरकली. पात तिनं पुरी केली, एकटीनं. बांधाला पोचली तेव्हा बायका दुसऱ्या पातींवर गेल्या होत्या आणि घागर पालथी होती.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो टेम्पोतून एक खुर्ची घेऊन. प्लॅस्टिकची, लालभडक. गावोगावी भाजीचे कॅरेट वाहणारा माणूस, पण ती खुर्ची त्यानं अशी उतरवली की जणू राजाचं सिंहासन.

"बघ आई, तुझ्यासाठी. हात टेकायलाही आहेत बघ. दारात ठेवू, वारा येतो."

थोरलीनं खुर्चीकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"मला दुपारी काढलं. तू कधी घेतलीस ही?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"म्हणजे घरात आधीच ठरलं होतं," थोरली म्हणाली. "शेतात नुसती दवंडी पिटली."

"तसं नाही गं आई. तुझं वय झालं आता. आराम कर."

"आराम करायला मी काय आजारी आहे?"

"लोक मला नावं ठेवतात. म्हणतात, म्हाताऱ्या आईला उन्हात राबवतो."

"आणि घागरी वाहायला कुठलं ऊन असतं रे? चांदणं?"

मुलानं पुन्हा बायकोकडं पाहिलं. त्याला उत्तर सुचलं नाही की तो बायकोकडं बघायचा, ही त्याची लहानपणची सवय. लहानपणी आईकडं बघायचा, एवढाच फरक.

"त्यांना सांगा," सून तव्याकडं बघत म्हणाली, "उगाच हट्ट करू नका म्हणावं. माझ्यामागं चार जणी बोलतात."

"ती इथंच बसली आहे," थोरली म्हणाली. "बहिरी नाही झाली अजून. तिलाच सांग."

जेवताना मुलगा दोनदा म्हणाला, "खुर्चीवर बसून जेव ना." थोरली भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि खाली मान घालून जेवली. जेवण झाल्यावर तिनं भांडी घासली आणि एकेक करून त्या लाल खुर्चीवर पालथी घातली. रात्रभर खुर्ची निथळत होती.  

सकाळी खुरपं जागेवर नव्हतं.

दाराच्या चौकटीवरच्या फटीत ते असायचं. पातीवरून काढलं तरी खुरपं बरोबर न्यायचं, असं थोरलीनं पहाटेच ठरवलं होतं. वेळ काही सांगून येत नाही. तिनं फट चाचपली, कोनाडा बघितला, लाकडांच्या ढिगाखाली हात घातला. धार लावून लावून पातं अर्धं झिजलेलं आणि मुठीवर तिच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. हरवण्यासारखी वस्तूच नव्हती ती.

डोक्यावर घागर आणि हातात कळशी घेऊन ती शेतात पोचली, तेव्हा ते तिला दिसलं. नवीच्या हातात.

"ते माझं आहे."

नवीचा हात तिथंच थांबला. "मला वहिनींनी दिलं," ती घाबरून म्हणाली आणि खुरपं पुढं केलं. "घ्या ना थोरली."

"राहू दे तिच्याकडं," सून पलीकडच्या पातीवरून म्हणाली. "तिचं मोडलंय. तुमचं घरी पडून काय करणार होतं?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "घरी पडून काय करणार! माझ्या चपलाही दे कुणाला तरी. गोधडी दे. माझं आता सगळं घरी पडूनच असणार आहे."

"सकाळी सकाळी सुरू झालं," भिंगरी म्हणाली. "थोरली, भांडण संपलं की पाणी आण हं, घसा सुकला."

विहीर लांब होती, दोन शेतं ओलांडून. पाणी तळाला गेलेलं. मोटर सकाळचीच चालायची, मग दोरीनं ओढावं लागायचं. पहिल्या दिवशी थोरलीच्या तळहातांना फोड आले. तिला हसूच आलं. खुरप्याचे घट्टे आयुष्यभर मिरवले आणि आता म्हातारपणी नवे फोड! शेतात ती पोचायची तोच दोन्ही टोकांकडून हाका. "थोरली, इकडं!" "आधी इकडं, ती आत्ताच प्यायली." "ए थोरली, पाय मोडले का वाटेत?" आता कायदा नव्हता. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा पाणी. भिंगरी तर बसल्या जागेवर तोंड वर करायची आणि थोरलीनं वाकून तिच्या ओंजळीत ओतायचं. थोडं सांडलं की म्हणायची, "हात कापतात होय आता?"

मळेवाला मोटारसायकलवरून फेरी मारायला आला. त्यानं थोरलीला घागरीसकट पाहिलं आणि गाडी थांबवून हसला. "काय थोरली, बढती मिळाली म्हणायची की!"

"हो," थोरली म्हणाली. "आता फक्त मोटारसायकल राहिली."

बायका हसल्या, मळेवालाही हसला. थोरली हसली नाही. एवढी जीभ होती म्हणून दिवस निभत होता, नाहीतर तिनं ती घागर कुणाच्या तरी टाळक्यात घातली असती.

विहिरीजवळ मोटारीची खोली होती. तिच्या सावलीत एक बाज टाकलेली आणि बाजेवर मळेवाल्याचा बाप. एकेकाळी हा माणूस नुसता खाकरला तरी शेतभर माना खाली जायच्या. आता बंगल्यात पाहुणे यायचे म्हणून त्याला सकाळीच इथं आणून ठेवत आणि दिवस मावळला की घेऊन जात.

"कोण? थोरली का?" त्यानं डोळ्यांवर हात धरला. "पातीवर नाहीस?"

"पाण्यावर आहे, मालक."

"नशीबवान आहेस. मला तर कुत्रं हाकायलाही सांगत नाही कुणी." तो काठीनं मातीत उकरत राहिला. "सकाळी विचारतात, जेवलात का. संध्याकाळी विचारतात, जेवलात का. मधल्या वेळात मी मेलो तरी हेच विचारतील. जनावराला निदान 'चल' तरी म्हणतात."

"आम्हाला तुम्ही याहून वाईट काय काय म्हणायचात," थोरली दोरी ओढत म्हणाली.

"म्हणायचो! आणि तुम्ही पाठ फिरली की मला शिव्या घालायच्या. कुणी शिवी तरी घालतं का आता?"

दोघंही हसली. म्हाताऱ्यानं बाजेवर हात आपटला. "बस जरा. घाई कसली तुला आता?"

थोरली टेकली. सावली गार होती, वारा बरा होता, पाठ सैल झाली. आणि एकदम तिला कळलं, की हीच ती दुसरी खुर्ची. आज क्षणभर टेकायचं, उद्या घटकाभर बसायचं, परवा याच्याशेजारी बसून कुत्र्याला हाड हाड करायचं. ती ताडकन उठली.

"काय झालं गं?"

"काही नाही. बायका तहानल्यात," ती म्हणाली आणि अर्धीच भरलेली घागर उचलून चालू लागली.

आठवडा असाच गेला. एका दुपारी ती पाण्याला गेली तर खोलीच्या मागच्या बाजूला कुणीतरी कण्हत होतं. तिनं डोकावलं. सून भिंतीला पाठ लावून बसली होती. साडी वर घेतलेली, गुडघा सुजून तांब्याएवढा झालेला, आणि दातात फडक्याचं एक टोक धरून ती तो आवळून बांधत होती.

सासू दिसताच तिनं साडी खाली ओढली.

"कधीपासून?" थोरलीनं विचारलं.

"आजच. पाय मुरगळला."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मुरगळलेला पाय आणि झिजलेला गुडघा मला कळतो."

सुनेनं फडकं आणखी आवळलं. मग म्हणाली, "थंडीपासून. डॉक्टर म्हणाला, उकिडवं बसायचं काम बंद करा. त्याला काय जातंय म्हणायला?"

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगून? मलाही खुर्ची आणतील."

सून फडक्याची गाठ मारत होती. गाठ बसत नव्हती. थोरलीनं पुढं होऊन मारून द्यावी, असं तिच्या हाताला वाटलं, पण तिनं हात घागरीवरच ठेवला.

"म्हणून मला काढलंस," ती म्हणाली. "सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळवलेस, तुझा पाय कुणाला दिसू नये म्हणून."

"सगळ्या म्हणत होत्या, सासूला पाठीशी घालते. भिंगरीचा टोळीवर डोळा आहे, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला काढलं नसतं तर त्यांनी मला काढलं असतं."

"मग तोंडानं सांगायचं होतंस. सगळ्यांसमोर 'होत नाही' म्हणायची काय गरज होती?"

सून म्हणाली, "कुणाला सांगू नका, आत्याबाई."

"मी कुणाला सांगणार? मी पाण्यावर आहे."

थोरली घागर उचलून निघाली. खरं सांगायचं तर तिला दया आली नाही. बरं वाटलं. भोग आता, असं वाटलं. वाटेत एका जागी ती थांबली, आपल्याला बरं वाटलं याचा तिला राग आला, आणि मग तो रागही सुनेवरच काढत ती शेतात पोचली. माणूस रागावलं की त्याला असला हिशेब बरोबर जमतो.

मग पुन्हा ढग आले. हवा कोंडली, पान हलेना, अंगाला चिकटलेला कपडा सुटेना. पाऊस येण्याआधी शेत मोकळं झालं पाहिजे म्हणून मळेवाला सकाळपासून दोनदा येऊन ओरडून गेला होता. राहिलेल्या पाती भिंगरीनंच लावून दिल्या. मुद्दाम की कसं कुणास ठाऊक, सगळ्यात तणाची पात सुनेच्या वाट्याला आली, हराळीनं गच्च भरलेली. बसताना सुनेनं तोंड फिरवलं, एवढं थोरलीनं पाहिलं.

दुपारपर्यंत बायका बांधाला लागल्या. नवी लागली, भिंगरी तर केव्हाच लागली होती. सून मागं होती. शेताच्या मधोमध बसलेली. पुढं सरकत नव्हती. खुरपं चालत होतं, पण त्याच त्याच जागी.

थोरली बांधावर घागरीशेजारी बसली होती. तिला कळलं. गुडघा अडकला होता. बसलेला गुडघा आता उठू देत नव्हता आणि सरकूही देत नव्हता, आणि ती बया ओरडायला तयार नव्हती.

"तिचं काय चाललंय?" एकीनं विचारलं.

"पाय गेलाय तिचा," भिंगरी म्हणाली. "मला केव्हाचं माहीत आहे. लंगडत चालते, साडी खाली ओढते. मी म्हटलं, बघू किती दिवस लपवते." तिनं घाम पुसला आणि घागरीकडं हात केला. "ओत गं थोरली. तिच्याच्यानं आता होत नाही. उद्यापासून मी बघेन टोळीचं. तिला म्हणावं, तूही ये सासूबरोबर पाण्यावर. तेवढं जमेल."

थोरली तिच्याकडं बघत राहिली. तेच शब्द, त्याच क्रमानं. कुणी शिकवले, कुणी उचलले, आणि आता ते या बांधावरून त्या बांधावर असेच फिरत राहणार. आज तिच्या सुनेच्या माथ्यावर, उद्या या भिंगरीच्या, परवा त्या नवीच्या. आणि प्रत्येक वेळी बाकीच्या पाणी पीत उभ्या राहणार.

"ओत ना," भिंगरी म्हणाली. "बघतेस काय?"

थोरलीनं घागर दोन्ही हातांनी उचलली आणि बांधावर पालथी केली.

पाणी भसकन मातीत गेलं. कुणीतरी किंचाळलं. भिंगरी दोन पावलं मागं सरली, तिचे पाय भिजले.

"म्हातारे! डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलं," थोरली म्हणाली. तिचा आवाज चिरका निघाला आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "आठवडाभर तुमच्या तोंडात पाणी घालून फिरलं. शेवटची पात बांधाला लागल्याशिवाय या घागरीतलं पाणी कुणाला मिळायचं नाही. ज्याला घाई असेल त्यानं विहिरीवर जावं आणि ओढून प्यावं. तुमचे पाय धड आहेत असं ऐकते मी!"

मग ती नवीसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला. "आण इकडं."

नवीनं मुकाट्यानं खुरपं दिलं. मूठ परक्या घामानं ओली होती. थोरलीनं ती लुगड्याला पुसली, सुनेच्या पातीच्या बांधाकडच्या टोकाला बसली आणि उलट्या बाजूनं तण काढत सुनेकडं निघाली.

ती काही तरण्या बाईसारखी सुटली नाही. आठवडाभर घागरी वाहून कंबर धरली होती, गुडघे कडकड वाजत होते आणि हराळी तर सुटता सुटत नव्हती. मुळाला खुरपं घालायचं, पिळायचं, ओढायचं, पुन्हा घालायचं. डोळ्यांत घाम उतरला. मागं बांधावर भिंगरीच्या तोंडाचा पट्टा चालू होता, कुणाला वेड लागलं, कुणाला घरी बांधून ठेवलं पाहिजे. थोरलीनं ऐकलं आणि तेवढंच जोरात खुरपं घातलं. शिव्या ऐकत काम करायची तिला सवय होती.

थोड्या वेळानं शेजारी धप्पकन कुणीतरी बसलं. नवी होती. हातात खुरपं नव्हतं, नुसत्या बोटांनी तण उपटत होती. "माझं काम झालंय," ती उगाच म्हणाली, जसं काही कुणी विचारलं होतं. मग मागून आणखी एक आली, स्वतःच्या नशिबाला शिव्या देत. "घसा सुकला मेला. उरका एकदाचं." ती पलीकडून लागली.

सून आणि थोरली समोरासमोर आल्या तेव्हा दोघींच्या मध्ये वीतभर तण राहिलं होतं. सुनेचा चेहरा घामानं आणि रागानं लाल झाला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. मला आता कुणी काही सांगत नाही."

"टोळी मोडली तुम्ही माझी."

"मोडू दे. हात चालव."

"मी काही तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"मी तुझ्यासाठी आलेच नाही," थोरली म्हणाली. "त्या शब्दासाठी आले. 'तिच्याच्यानं होत नाही.' तू मला म्हणालीस, मी ऐकून घेतलं. पण हे तुझ्यापाशी थांबत नाही, बघितलंस ना? तू वाट करून दिलीस, आता त्याच वाटेनं तुझ्याकडं आलं."

सुनेनं ओठ चावला. तिनं खाली मान घातली आणि उरलेलं तण उपटलं. शेवटची मुळी दोघींनी एकदमच धरली. ती सुटली आणि दोघी मागं कलंडल्या. नवीला हसू आलं, ते तिनं गिळलं.

"उठ आता."

"उठता येत नाही."

थोरलीनं तिच्या बगलेत हात घातला, नवीनं दुसऱ्या. गुडघा सरळ होताना सून अशी ओरडली की बांधावरच्या बायका गप्प झाल्या. मग ती उभी राहिली. थोरलीच्या खांद्यावर सगळा भार टाकून एकेक पाऊल टाकत बांधाला लागली आणि तिथल्या झाडाला टेकली.

भिंगरी हाताची घडी घालून उभी होती. विहिरीवर तीही गेली नव्हती, दुसरंही कुणी गेलं नव्हतं. ओल्या मातीत घागर आडवी पडली होती.

"झालं नाटक?" भिंगरी म्हणाली. "लागली पात बांधाला. आता तरी आण पाणी, थोरली."

आठवड्याची सवय वाईट. थोरली खरंच वाकली आणि तिनं घागरीच्या काठाला हात घातला.

सुनेनं तिचं मनगट धरलं. "सोडा ते."

थोरलीनं वर पाहिलं. सून तिच्याकडं बघत नव्हती. ती सगळ्या बायकांकडं बघत होती, आणि पाठीमागं झाडाला टेकून उभी असली तरी तिचा आवाज त्या दिवशीसारखाच शेतभर गेला.

"भिंगरे, घागर तू भरून आण. आत्याबाई पातीवर आहेत."

"आणि तू गं? तुझा तर पाय—"

"मीही पातीवर आहे. मागं राहीन. ज्यांना मागं वळून हात लावायचा नसेल त्यांनी दुसरी टोळी बघावी. तुला हवी ती घेऊन जा, आत्ताच."

भिंगरीनं बायकांकडं पाहिलं. एकजण तिच्या बाजूला सरकली, एकजण जागेवरच राहिली, बाकीच्या घागरीकडं बघत होत्या. घसे सगळ्यांचेच सुकले होते. भिंगरी तणतणत पुढं झाली, घागर उचलली आणि विहिरीच्या वाटेला लागली. जाताना शिव्या देत होती. थोरलीचं नाव घेऊन देत होती.

"मोठ्यानं दे," थोरली म्हणाली. "इथवर ऐकू येत नाही."

मग ती पुढच्या पातीच्या तोंडाशी जाऊन बसली, खुरपं हातात घेतलं आणि मुठीवरच्या खळग्यात अंगठा नीट बसतो का ते पाहिलं. बसत होता.